डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या: ऊन, चाळिशी आणि बाजारातली क्रीमं



आजचा विषय गटाच्या बैठकीच्या वहीत कधी लिहिला जात नाही. पण हप्ते मोजून झाले, सह्या-अंगठे झाले आणि चहा आला, की तो निघतोच. "बघ गं, डोळ्यांपाशी किती रेषा पडल्या," असं एक म्हणते, दुसरी एखाद्या क्रीमचं नाव सांगते आणि तिसरी विचारते, केवढ्याला मिळतं?

कुणाला हा विषय फुटकळ वाटेल. आम्हाला तसा वाटत नाही. एक तर या रेषा घालवण्याच्या नादात आपला पैसा जातो. दुसरं म्हणजे, काही क्रीमं अशी असतात की रेष जायची तेव्हा जाईल, आधी नजर किंवा मूत्रपिंड जाऊन बसेल. म्हणून रेष का पडते, तिचं काय करता येतं आणि काय मुळीच करू नये, हे आज नीट समजून घेऊ.

रेष पडते कशी?

पापणीची आणि डोळ्याभोवतीची कातडी आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी आहे. पापणीवर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. तिच्यात तेल सोडणाऱ्या ग्रंथी कमी, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. तिच्याखाली डोळ्याला गोल वेढा घालणारा स्नायू असतो. आपण हसलो, रडलो, उन्हात डोळे बारीक केले, की तो स्नायू आवळतो आणि वरच्या कातडीला चुण्या पडतात. दिवसातून हजारो वेळा हे चालतं.

तरुणपणी ही चुणी लगेच पुसली जाते, कारण कातडीच्या आत दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजनचे धागे तिला भक्कमपणा देतात. इलॅस्टिनचे धागे परकराच्या इलॅस्टिकसारखे ताणून पुन्हा जागेवर येतात. वयाबरोबर हे धागे कमी होतात. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि कोलॅजन आणखी भराभर कमी होतं. म्हणून पंचेचाळीस-पन्नाशीत "एकदमच म्हातारी दिसायला लागले" असं पुष्कळ जणींना वाटतं. तो काही मनाचा खेळ नसतो.

घरी एक साधी तपासणी करून बघा. आरशासमोर चेहरा अगदी सैल सोडा. हसल्यावर दिसणारी रेष आता नाहीशी झाली, तर ती हालचालीची रेष. चेहरा सैल असतानाही ती तिथेच राहिली, तर ती बसलेली रेष. पहिल्या प्रकारात खूप काही वाचवता येतं. दुसऱ्या प्रकारात रेष थोडी मऊ करता येते, पण पूर्ण पुसता येत नाही. जो कुणी "सात दिवसांत गायब" म्हणतो, तो खोटं बोलतो.

पाणी भरपूर प्या म्हणजे सुरकुत्या जातील, असंही सांगितलं जातं. पाणी तब्येतीसाठी प्यायलाच हवं, शेतात तर जास्तच. पण बेदाणा पाण्यात भिजवला तर फुगतो, त्याचं पुन्हा द्राक्ष होत नाही. कातडीतले तुटलेले धागे पाण्याने जोडले जात नाहीत.

ऊन नेमकं काय करतं?

ठिबकची नळी जमिनीवर उघडी राहिली, तर काही वर्षांनी कडक होते आणि तडकते. मातीखाली गाडलेली तशीच राहते. नळी तीच, फरक फक्त उन्हाचा. आपल्या कातडीचंही असंच आहे. खांद्याजवळची, ब्लाउजखाली झाकलेली कातडी बघा आणि मग हाताच्या पाठीची बघा. वय दोन्हींचं एकच आहे.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातले यूव्हीबी किरण कातडी भाजतात, काळवंडवतात. यूव्हीए किरण आणखी खोल जातात आणि ते कोलॅजन-इलॅस्टिनचे धागे तोडतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत जवळपास ९५ टक्के यूव्हीएच असतात. ते दिवसभर असतात, ढगांतून येतात, खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात.

याचा एक बोलका दाखला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणजे खिडकीतलं ऊन डाव्या गालावर. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बरीच गुळगुळीत होती. माणूस एक, पण चेहऱ्याची दोन वयं.

आता आपल्या नाशिककडे बघू. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आणि २० अंश अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी आपल्याकडे अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना ११ पासून पुढच्या आकड्यांना सगळ्यात तीव्र वर्गात टाकते. आणि याच दिवसांत आपल्या बाया उन्हाळ कांदा काढायला, कापायला, भरायला उघड्या रानात असतात. एप्रिलची खरड छाटणीही याच उन्हात.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाचा हंगाम सुरू होतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागांत विरळणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात. तिथे मांडवाखाली सावली असते खरी, पण घड डोक्याच्या वर लटकलेले असतात. मान वर, नजर पानांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाकडे, आणि डोळे बारीक करून मणी काढायचे. दिवसभर तो गोल स्नायू आवळलेलाच राहतो.

शेतात जाताना आपण नवऱ्याचा नाहीतर मुलाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतो, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळतो. हे फार चांगलं आहे, ते सोडू नका. पण त्यात उघडं काय राहतं? डोळे आणि त्यांच्या कडा. म्हणजे सगळ्या चेहऱ्यातली सगळ्यात पातळ कातडी तेवढी आपण उन्हाला देतो. स्कार्फला वरून झालर नाही, म्हणून डोळ्यांवर सावली नाही आणि सावली नाही म्हणून डोळे बारीक. ऊन आणि चुणी दोन्ही एकाच जागी पडतात.

आपल्या सावळ्या रंगाचा इथे फायदा आहे. कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरण काही प्रमाणात अडवतं, त्यामुळे आपल्याला सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा पडतात. पण डाग आणि वांग आपल्याला जास्त येतात. वांग वेगळं, सुरकुती वेगळी. दोन्हींवर एकच डबी चालते असं सांगणाऱ्याकडे संशयाने बघा.

चाळिशी लागली की नाही?

डोळे बारीक करायला ऊन हे एकच कारण नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्याच्या आतलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. आपल्या भाषेने या गोष्टीला वयाचंच नाव दिलं आहे: चाळिशी. हा आजार नाही, प्रत्येकाला येते. पण बायका चष्मा लावायला लाजतात. सुई ओवता येत नाही म्हणून सुनेला हाक मारतात, पासबुक हात लांब करून वाचतात, तांदूळ निवडताना कपाळाला आठ्या घालतात. या रेषा क्रीमने नाही, चष्म्याने थांबतील.

आणि चष्म्याचा हिशेब फक्त चेहऱ्यापुरता नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५१ मजूर होते. निम्म्यांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपेपर्यंत दिला नाही. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची गती दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. मणी विरळणं, कांदा निवडणं, भरतकाम, मणी ओवणं ही सगळी कामं तशीच नजरेची आहेत. उक्त्या कामात गती म्हणजे रोख पैसा. हजाराच्या क्रीमआधी चष्म्याचा विचार का करायचा, ते यावरून कळेल.

चष्मा मात्र डोळे तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात डोळ्यांची तपासणी होते. त्यात मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्यावर झालेली इजाही सापडू शकते. उन्हात काम करणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांस वाढतं, तेही तेव्हाच बघून घ्यावं.

सुरकुती नसलेल्या खुणा

काही खुणांना आपण सुरकुती समजतो, पण त्या वेगळंच सांगत असतात. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज येत असेल आणि पायही सुजत असतील, तर लघवीची आणि रक्ताची तपासणी करा. ती मूत्रपिंडाची किंवा थायरॉइडची खूण असू शकते. पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळसर, उचललेले चट्टे आले, तर रक्तातली चरबी तपासा. डोळे निस्तेज, पापणीच्या आतली बाजू फिकी आणि चालताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के, रक्तक्षयाच्या निघाल्या. तिथे क्रीम काय करणार?

डबीत काय आहे, ते वाचा

आता सगळ्यात महत्त्वाचं. कान देऊन ऐका.

पहिला धोका स्टेरॉइडचा. काही मलमं लावली की चार-आठ दिवसांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. म्हणून ती एकीकडून दुसरीकडे जातात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यापैकी नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी खाज, इसब अशा आजारासाठी ठरावीक दिवस दिलं तर ते औषध आहे. मनाने महिनोन् महिने लावलं, तर कातडी आणखी पातळ होते, तांबड्या शिरा दिसतात, पुरळ येतं, केस येतात, आणि थांबवलं की आग होते. म्हणून बाई ते पुन्हा लावते. सुरकुत्या कमी करायला आणलेलं मलम कातडी पातळ करून सुरकुत्या वाढवतं. डोळ्याभोवती ते बराच काळ लागलं, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो.

याच कारणाने केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानदार न विचारता काढून देत असेल, तर तो नियम मोडतो आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा गोरा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आपण वर्तमानपत्रांत वाचली. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर कारण निघालं ते तिघी वापरत असलेलं क्रीम. त्यात पारा होता. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण पुढे आले.

म्हणून डबी घेताना चार गोष्टी बघा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का? परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक आहे का? तारीख आहे का? आत काय घातलं आहे, त्याची यादी आहे का? यातलं एकही नसेल, तर फुकट मिळालं तरी लावू नका. बिननावाच्या डबीत भरून दिलेलं "स्पेशल क्रीम" तर मुळीच नको, देणारी ओळखीची असली तरी नको. तिलाही आत काय आहे ते माहीत नसतं. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

घरगुती उपायांतही तारतम्य हवं. डोळ्यांजवळ लिंबू नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. टूथपेस्ट, बेकिंग सोडा नको. खसखसून चोळणं, ओढून मालीश करणं नको. खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली रात्री बोटाच्या टोकाने हलकेच लावली, तर कोरडेपणाच्या बारीक रेषा मऊ दिसतात. त्याला खर्च फार नाही आणि धोकाही जवळपास नाही. फक्त डोळ्यात जाऊ देऊ नका.

मग करायचं काय?

सावली हा पहिला उपाय. एक सोपी खूण लक्षात ठेवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन कातडीला जास्त बाधतं. घड्याळ नसलं तरी चालतं. उघड्या रानातलं काम शक्य तिथे त्याआधी किंवा त्यानंतर घ्या. मुकादमाशी, बागायतदाराशी वेळेबद्दल बोलायचं तर एकटीने नाही, टोळीने बोला.

टोपी हा दुसरा. स्कार्फवरून चारही बाजूंनी तीन-चार बोटं रुंद कड असलेली टोपी घाला, म्हणजे डोळ्यांवर सावली पडेल. मांडवाखाली वर बघताना टोपी पुरत नाही, तिथे चष्मा लागतो. गॉगल घ्यायचा तर त्यावर यूव्ही ४०० लिहिलेलं हवं. नुसती काळी काच वाईट. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जास्त जातात.

सनस्क्रीन हा तिसरा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी ९०३ माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांची कातडी, मनाला येईल तसं लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी जून झाली होती. घ्यायचं तर एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि यूव्हीए अडवणारं. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल इतकं लागतं, आणि घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा. फवारणीचे, जीएचे हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांजवळ नेऊ नका. खर्च परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. टोपी आणि शर्ट ही कापडाची सनस्क्रीनच आहे, आणि ती घामाने वाहून जात नाही.

चुलीचा धूर आणि तंबाखूचा धूर हे चौथं. विडी-सिगारेटचा धूर कोलॅजन तोडतो, हे पक्कं झालेलं आहे. चुलीपुढे डोळे बारीक करणं थांबवायचं तर धुराला बाहेर जायची वाट करा.

बसलेल्या रेषांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे दोन मुख्य उपाय असतात. एक ट्रेटिनॉइन मलम. उन्हाने जून झालेल्या कातडीवर त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांच्या अभ्यासातून १९८६ मध्ये पुढे आलं. परिणाम दिसायला महिने लागतात, सुरुवातीला कातडी सोलते आणि ऊन जास्त लागतं. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते लावायचं नाही. दुसरा उपाय बोटॉक्सचं इंजेक्शन. कॅनडातल्या जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर. पापण्या आवळण्याच्या आजारावर हे औषध देताना त्यांना दिसलं की रुग्णांच्या आठ्याही गेल्या. त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या पतीबरोबर त्यांनी १९९२ मध्ये यावर लेख लिहिला. इंजेक्शनचा गुण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं, आणि दर वेळी काही हजार रुपये जातात. कुणाला हौस असेल आणि परवडत असेल, तर तिला नाव ठेवायचं कारण नाही. पण ते डॉक्टरांकडेच घ्यायचं, पार्लरमध्ये नाही. आणि त्यासाठी गटाचं कर्ज उचलायचं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. कर्ज शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलीच्या फीसाठी. तीन महिन्यांत विरघळणाऱ्या गोष्टीचा हप्ता वर्षभर फेडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

गट म्हणून पुढच्या महिन्यात तीन गोष्टी करता येतील. ज्या मैत्रिणी शिवणकाम करतात, त्यांच्याकडून कड असलेल्या, मानेवर झालर असलेल्या सुती टोप्या शिवून घ्या. त्यांना काम मिळेल, आपल्याला सावली. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्या जणी एक दिवस ठरवून ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून या. एकटीने जायला जमत नाही, दहा जणी मिळून गाडी करता येते. आणि बैठकीला येताना घरात असलेली क्रीमची डबी बरोबर आणा. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना लेबल मोठ्याने वाचून दाखवा. स्टेरॉइड निघालं आणि बरेच दिवस लावत असाल, तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडा.

रेषा पडणार आहेत, मैत्रिणींनो. आपण हसतो, रडतो, उन्हात राबतो. त्या सगळ्या पुसायचा हट्ट नको. पण ज्या डोळ्यांच्या कडेला त्या पडतात, ते डोळे शेवटपर्यंत दिसते राहिले पाहिजेत. टोपी आणि चष्मा, या दोन गोष्टी या महिन्यात प्रत्येकीकडे आल्या, तरी आजचं बोलणं कामी आलं असं आम्ही समजू.

नमस्कार.